चालता येते, पण वाट सापडत नाही

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, असे जुनी माणसे म्हणत. त्यांच्या डोळ्यांपुढे बैलगाडी, एस.टी. किंवा फार तर आगगाडी असावी. आगगाडीत माणूस दोन स्थानकांतच मोकळा होतो. चप्पल काढून मांडी घालतो, डबा उघडतो आणि समोरच्याला गाव, आडनाव व मुलांची लग्ने यांबद्दल विचारून घेतो. विमानतळाच्या काचेच्या दारातून आत शिरताच मात्र तोच माणूस अवघडतो. आवाज खाली येतो, पाठ ताठ होते. घरी बशीत ओतून चहा पिणारे गृहस्थ कागदी पेला दोन बोटांत धरून, जिभेला चटका बसला तरी चेहऱ्यावर दिसू न देता, घुटके घेत राहतात.

हे अवघडलेपण पाहणाऱ्याला हसू आणते. परंतु साठी-सत्तरी ओलांडलेल्या प्रवाशाच्या बाबतीत त्यात थोडी भीती मिसळलेली असते आणि त्या भीतीचा थेट संबंध त्याच्या प्रकृतीशी असतो. म्हणून या वेळी या सदरात विमानप्रवासात दिसणाऱ्या माणसांविषयी लिहावे, असे ठरवले आहे.

एके काळी उतारवयातील मोठा प्रवास म्हणजे काशी-रामेश्वर. आता मुलगी न्यू जर्सीत, मुलगा बंगळूरला आणि नातवंडे दोन्हीकडे. त्यामुळे आजी-आजोबांच्या यात्रेची दिशा बदलली आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापार निघालेली आजी हे आपल्या घरांतील ओळखीचे दृश्य झाले आहे. या यात्रेची तयारी महिनाभर आधी सुरू होते आणि तिचे मुख्य दैवत असते वजनकाटा. प्रत्येक बॅगेला २३ किलोंची मर्यादा असेल, तर घरातील काट्यावर बॅग साडेबावीस भरते आणि विमानतळावरच्या काट्यावर पंचवीस. मग काउंटरसमोरच बॅग उघडते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू आणि बाळंतविड्याची दुपटी यांचे जाहीर प्रदर्शन भरते. कोणते काढायचे यावर घरातल्या घरात बोलावे तशी चर्चा होते. शेवटी आजोबा मुंबईच्या मे महिन्यात अंगावर स्वेटर चढवतात, त्यावर कोट चढवतात आणि बॅग २३ किलोंत बसते. काउंटरवरील मुलगी हे सारे शांतपणे पाहत असते. तिने दिवसभरात असे किती कोट पाहिले असतील, कोणास ठाऊक.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या की आणखी एक प्रवेश रंगतो. त्यातील तेलामुळे सुके खोबरे पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडते आणि ते विमानात नेऊ देत नाहीत. पूजेतला पदार्थ धोकादायक कसा, हे आजींना कोणीही पटवू शकत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रवपदार्थ नेता येत नाही. त्या नियमापुढे लोणच्याची बरणी आणि साजूक तूप हेही द्रवच ठरते.

या गडबडीत एक गोष्ट मात्र नेमकी उलटी होते. चिवडा हातातल्या बॅगेत राहतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेतून विमानाच्या पोटात जातात. चिवड्यावाचून दोन दिवस काढता येतात, गोळ्यांवाचून काढू नयेत. मोठी बॅग कधी कधी दुसऱ्याच गावी पोहोचते, हे ध्यानात ठेवून प्रवासाचे सर्व दिवस आणि वर आणखी काही दिवस पुरतील इतकी औषधे, मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच असावीत. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीही ठेवू नये. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. दूरच्या देशी जाताना घड्याळ आठ-दहा तास मागेपुढे होते. तेव्हा इन्सुलिन व इतर औषधे कोणत्या वेळी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी दोन प्रकारची दिसतात. पहिल्या प्रकारातील मंडळी सांगण्याआधीच पट्टा, घड्याळ, चष्मा, जानव्याची किल्ली असे सारे काढून ठेवतात आणि मग सुटू पाहणारी विजार एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने पासपोर्ट धरतात. दुसऱ्या प्रकारातील मंडळींना काहीच काढायचे नसते, पण यंत्र वाजते. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या दोन्ही गुडघ्यांच्या सांध्यांनी यंत्राला साद घातली. त्यांना जणू याच क्षणाची प्रतीक्षा होती. शस्त्रक्रिया कोणी केली, कोणत्या बनावटीचा सांधा बसवला आणि विमा कंपनीने किती पैसे कापले, हे सारे त्यांनी तपासणी करणाऱ्या जवानाला सांगितले. जवानाने ते ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, “अब दर्द नहीं है ना, बाबूजी?” मागची रांग खोळंबली होती, तरी त्या प्रश्नाने गृहस्थांचा चेहरा उजळला. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी मात्र त्याचे ओळखपत्र जवळ बाळगावे, तपासणीपूर्वीच ते दाखवावे आणि हाताने तपासण्याची विनंती करावी. हातातील तपासणी यंत्र पेसमेकरवर धरून ठेवू नये, असे स्पष्ट सांगण्यास संकोचू नये.

आता या सर्व दृश्यांतील सर्वांत मोठ्या दृश्याकडे वळू. परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानाच्या दाराशी एकामागोमाग एक लागलेली व्हीलचेअरची रांग आपण पाहिली असेल. त्या रांगेवर विनोद करणे फार सोपे असते. जाताना खुर्चीत मान टाकून बसलेल्या आजी परदेशी उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ ताडकन उठतात, दोन बॅगा स्वतः खेचून काढतात आणि नातवाकडे धावत सुटतात. विमानात एखादे तीर्थ मिळते की काय, अशी शंका यावी. तरुण प्रवासी एकमेकांना कोपराने खुणावतात. रांग टाळण्याची युक्ती, असा शेरा मारून मोकळे होतात.

एकदा मुंबईच्या विमानतळावर विमान उशिरा सुटणार होते. खुर्ची ढकलणारा एक विशीतला मुलगा शेजारी टेकला होता. मी त्याला विचारले, “खुर्चीतली माणसं अशी उठून चालू लागली की तुला राग नाही येत?”

तो हसला. “राग कशाला, काका? यातल्या कितीतरी जणांना चालता येतं. वाट सापडत नाही. माझी आई पहिल्यांदा आली तर तीही खुर्चीच मागेल.”

त्या मुलाने दोन वाक्यांत जे सांगितले ते आपण घरात बसून क्वचितच ध्यानात घेतो. सत्तरीतील एकटी बाई दुबईला विमान बदलते, तेव्हा तिची अडचण गुडघ्यांत नसते. फलक वाचता येत नाहीत, ध्वनिक्षेपकावरचे इंग्रजी कळत नाही, सरकता जिना पाहून पोटात गोळा येतो, आणि खिडकीमागचा अधिकारी काय विचारील याची धास्ती असते. ‘मला भीती वाटते’ असे लिहिण्यासाठी तिकिटाच्या फॉर्ममध्ये जागा नाही. ‘गुडघे दुखतात’ असे म्हणण्यासाठी आहे. मग तिच्या वतीने मुलगा त्या चौकोनात खूण करतो आणि भीतीला गुडघ्यांचे नाव मिळते.

याच रांगेपासून थोड्या अंतरावर दुसरी माणसे उभी असतात. तीही आपल्या ओळखीची आहेत. अँजिओप्लास्टी झालेले, दहा पावले चालल्यावर दुकानाची काच न्याहाळण्याच्या निमित्ताने थांबणारे निवृत्त गृहस्थ. पत्नी हळूच म्हणते, “अहो, एक खुर्ची मागा ना.” उत्तर ठरलेले असते: “मला काय धाड भरली आहे? तू बस हवी तर.” आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची ओझी उचलली, त्यांना स्वतःला कोणी ढकलत नेणे हा पराभव वाटतो. चार लोकांत खुर्चीत बसलो तर आपण म्हातारे झालो हे जाहीर होईल, अशी ती धास्ती असते. त्यामुळे ज्याला वाट हवी आहे तो खुर्चीत बसतो आणि ज्याला खुर्ची हवी आहे तो चालत राहतो.

हा केवळ हसण्याचा विषय नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध दांपत्याला, खुर्च्यांची मागणी फार असल्यामुळे, त्या वेळी एकच खुर्ची मिळाली. दुसरीसाठी थांबण्यास सांगितले असता ऐंशी वर्षांचे पती पत्नीच्या खुर्चीबरोबर चालत निघाले. इमिग्रेशनजवळ ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला आणि पुरेशा खुर्च्या ठेवण्याची सूचना सर्वच कंपन्यांना दिली. दंड व्हायलाच हवा होता. परंतु आपल्या घरातील माणसाने ‘खुर्ची येईपर्यंत मी थांबतो’ असे म्हणावे, हे त्याला शिकवण्याचे काम दंडाने होणार नाही. ते घरातच व्हायला हवे.

यासाठी थोडी माहिती उपयोगी पडेल. विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअरचे तीन मुख्य प्रकार आहेत. ज्याला जिना चढता येतो, विमानात चालता येते, पण लांबचे अंतर झेपत नाही, त्याच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचआर’. ज्याला जिना चढता येत नाही, पण विमानात आसनापर्यंत चालता येते, त्याच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचएस’. ज्याला मुळीच चालता येत नाही, आसनापर्यंत नेऊन बसवावे लागते, त्याच्यासाठी ‘डब्ल्यूसीएचसी’. यातील योग्य प्रकार तिकिटावर नोंदला नाही, तर जिना न चढता येणाऱ्या माणसासमोर नेमका जिनाच येऊन उभा राहतो. आणि ज्यांना चालता येते पण वाट सापडत नाही, त्यांच्यासाठी ‘मीट अँड असिस्ट’ नावाची वेगळी मदत पुष्कळ कंपन्यांकडे असते. एक कर्मचारी सोबत चालतो, फलक वाचतो, रांगेत उभे करतो आणि पुढच्या दाराशी पोहोचवतो. तिकीट काढतानाच तिची चौकशी करावी. कोणतीही मदत निदान ४८ तास आधी कंपनीला कळवावी आणि तिची नोंद झाल्याचा लेखी पुरावा जवळ ठेवावा.

विमानात प्रवेश केल्यावर आणखी एक बदल जाणवतो. घरातून निघताना जी ‘काकू’ असते तिला विमानतळावर ‘माताजी’ अशी बढती मिळते, दारात ‘मॅम’ म्हणून स्वागत होते आणि परदेशी खिडकीवर तिचे नाव असे काही उच्चारले जाते की तिला ते आपलेच आहे हे तिसऱ्या हाकेला कळते. हवाईसुंदरीकडे पाहण्याची आपल्या मंडळींची रीतही निरनिराळी. कोणी तिला पाणी मागतानाही संकोचतात, तर कोणी बटण दाबून तिला पाचव्यांदा बोलावतात आणि ती आली की म्हणतात, “अगं, मी दिवा लावत होतो.” मी एका आजींना त्या मुलीच्या हातात बळेच बेसनाचा लाडू ठेवताना पाहिले आहे. “उभ्या उभ्या किती राबतेस, खा आधी.” नियमात ते बसत नसावे. मुलीने लाडू रुमालात गुंडाळून ठेवला आणि त्यानंतर त्या आजींना न मागता दर तासाला पाणी येत राहिले.

या व्यवसायाचा आरंभ रुग्णसेवेतून झाला, हे आपल्या वाचकांना आवडेल. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत एलन चर्च ही प्रशिक्षित परिचारिका जगातील पहिली हवाईसुंदरी म्हणून विमानात चढली. तिच्यासह निवडलेल्या पहिल्या आठही जणी परिचारिकाच होत्या. त्या काळी विमाने कमी उंचीवरून, वादळवाऱ्यात हेलकावे खात जात. प्रवाशांना उलट्या होत. परिचारिका सोबत असली तर लोकांना धीर येईल, ही तिचीच कल्पना. आजही प्रथमोपचाराचे शिक्षण या कर्मचाऱ्यांना दिलेले असते. छातीत जडपणा वाटला, दम लागला, चक्कर आली, तर ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ असा भिडस्तपणा न करता ते लगेच सांगावे. त्या मुलींना त्रास देण्यासाठीच ते बटण बसवलेले आहे.

जेवणाची गंमत वेगळीच. ‘हिंदू मील’ या नावावर विश्वासून बसलेल्या शाकाहारी गृहस्थांसमोर कोंबडीचा रस्सा येतो आणि ते थक्क होतात. विमान कंपन्यांच्या परिभाषेत त्या नावाचा अर्थ बहुधा गोमांस व डुकराचे मांस नसलेले जेवण, एवढाच असतो. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन मील’ आधी नोंदवावे. मधुमेहींसाठीही वेगळे जेवण सांगता येते. ट्रे आपल्यापर्यंत येण्यास वेळ लागतो. म्हणून जेवण प्रत्यक्ष समोर आल्यावाचून इन्सुलिनचे इंजेक्शन घेण्याची घाई करू नये.

आणि आता ज्या गोष्टीचा उच्चार करायला सर्वच जण लाजतात, ती. विमानातील स्वच्छतागृहाचे दार मधोमध दुमडते. ते ढकलावे की ओढावे यावर अनेकांची परीक्षा होते. शिवाय शेजारच्या दोघांना उठवून बाहेर पडायचे म्हणजे संकट. यावर आपल्या भगिनींनी एक उपाय शोधलेला असतो: पाणीच प्यायचे नाही. नऊ तास त्या दोन घोटांवर काढतात आणि वर अभिमानाने सांगतात, “मी एकदासुद्धा उठले नाही.” वैद्यकीय दृष्टीने याइतका वाईट विक्रम दुसरा नसेल.

कारण विमानात आपले शरीर कोठे असते याची आपल्याला कल्पना नसते. विमान कितीही उंच उडत असले तरी आतील हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईहून उंच जाऊन बसलेले असतो. प्राणवायू थोडा कमी मिळतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, परंतु हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी, तसेच नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. पोटातील वायू जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत प्रसरण पावतो, म्हणून निघण्याआधी उसळी आणि भजी टाळलेली बरी. आतील हवेतील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहूनही कमी असते. घसा, डोळे, त्वचा कोरडी पडते आणि शरीरातील पाणी कमी होत जाते.

त्यात तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटऱ्यांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकल्पाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, असे त्यात आढळले. मग तो प्रवास विमानाचा असो, की गाडीचा. तरीही प्रमाण सुमारे सहा हजारांत एक एवढेच आहे. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, उठण्याचे मात्र आहे. शक्य तर बाजूच्या मार्गिकेलगतचे आसन घ्यावे, म्हणजे कोणाला उठवावे लागत नाही. तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. बसल्या जागी पावले वरखाली करावीत. थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांची मर्यादा पाळावी. झोपेची गोळी घेऊन आठ तास निश्चल पडून राहणे टाळावे. यापूर्वी गुठळी झाली असेल, किंवा अलीकडे खुब्याची वा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर विशेष मोजे वा औषध लागते का हे डॉक्टरच ठरवतील.

विमानाची चाके जमिनीला लागताच पट्टे सुटल्याचे आवाज येतात, सारे प्रवासी उठून उभे राहतात आणि दार उघडेपर्यंत मान वाकडी करून वरच्या कप्प्याखाली तिष्ठत राहतात. या वेळी बसून राहणारी माणसे दोनच प्रकारची: अतिशय अनुभवी आणि खुर्ची सांगितलेली. खुर्चीवाल्यांना शेवटी उतरवतात, हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवावे. नाही तर सगळे गेले, आपल्यालाच विसरले, या काळजीने त्यांचा जीव वरखाली होतो.

प्रवासाला धाडणाऱ्या मुलामुलींना आणि सुनाजावयांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. तिकीट काढताना ‘बाबा, चालता येईल ना?’ असा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर कोणतेही बाबा ‘न चालायला काय झाले?’ असेच देतील. त्याऐवजी ‘एवढ्या प्रवासात कोणत्या जागेची काळजी वाटते?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कोणी जिना म्हणेल, कोणी इंग्रजी म्हणेल, कोणी खालच्या आवाजात स्वच्छतागृह म्हणेल. जे उत्तर येईल त्याप्रमाणे मदत नोंदवा. आजार, औषधे आणि तुमचा फोन क्रमांक मराठीत व इंग्रजीत लिहिलेली एक चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवा. बॅगेतून एखादा किलो मेतकूट कमी करावे लागले तरी चालेल.